चेंडूचे वजन आणि खेळाची मुदत

कोणत्याही खेळाच्या नियमांत फेरफार सुचविणारा मसुदा वरकरणी इतका रूक्ष, घड्याळाच्या काट्यांशी आणि मोजपट्टीच्या खुणांशी इतका जखडलेला असतो, की त्याच्या कलमांमागे खेळणाऱ्यांच्या कुवतीविषयीचा कोणाचा तरी विश्वास किंवा अविश्वास उभा असेल अशी शंका सामान्य वाचकाच्या मनात सहसा उत्पन्न होत नाही. आणि तो मसुदा जर सातासमुद्रापलीकडच्या महाविद्यालयीन महिलांच्या बास्केटबॉलविषयीचा असेल, तर कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ वसलेल्या उंब्रजमध्ये सकाळचे वर्तमानपत्र उघडणाऱ्या माणसाने तो वाचावाच कशासाठी, हा प्रश्न अगदी रास्त ठरतो. त्याचे उत्तर द्यावयाचे तर अमेरिकेतून निघून माण तालुक्यातील मोही गावावरून, सांगलीवरून आणि आपल्या कबड्डीच्या मैदानावरून हिंडून यावे लागेल. तेवढी सवड वाचकांनी द्यावी.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा कारभार पाहणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेने २०१५-१६ च्या हंगामापासून महिलांच्या सामन्याची रचना बदलली. तोवर हा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होत असे. तो दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये विभागण्यात आला, म्हणजे एकूण चाळीस मिनिटांतले एक मिनिटही न कापता केवळ त्यांची वाटणी निराळी झाली. त्याबरोबरच फाउलच्या हिशेबातही दुरुस्ती झाली. पूर्वी एका भागात प्रतिपक्षाचे सात फाउल झाले, की पहिला फ्री थ्रो साधला तरच दुसरा मिळे आणि दहाव्या फाउलपासून दोन्ही बिनशर्त मिळत. आता प्रत्येक क्वार्टरमध्ये पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात आणि क्वार्टर संपताच हा जमाखर्च पुन्हा शून्यावर येतो. हेतू असा, की शिट्ट्या कमी व्हाव्यात, खेळाचा ओघ तुटू नये आणि महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलीला आंतरराष्ट्रीय संघात गेल्यावर खेळ नव्याने शिकावा लागू नये. आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिबा’ने, दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि चोवीस सेकंदांचे घड्याळ २००० सालीच स्वीकारले होते, आणि आपल्याकडील विद्यापीठांच्या मुली याच नियमांनी खेळतात, त्या अर्थाने शिवाजी विद्यापीठाच्या संघातील मुलगी अमेरिकेतील आपल्या भगिनीच्या दीड दशक पुढे होती, असे थोड्या कौतुकाने म्हणता येईल.

याहून लक्षणीय गोष्ट ही, की अमेरिकेतील पुरुषांचा महाविद्यालयीन सामना मात्र दोन भागांच्या जुन्या रीतीला चिकटून राहिला, आणि २०२५ साली पुरुषांच्या नियमसमितीला, चार क्वार्टरकडे वळण्यास आता अनुकूलता वाढत आहे, अशी नोंद करावी लागली. चेंडू हाती आल्यावर ठरावीक सेकंदांत बास्केटवर मारलाच पाहिजे, या नियमाचेही असेच झाले. महिलांनी तीस सेकंदांचे घड्याळ १९७० च्या सुमारास पत्करले. पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात घड्याळ आले ते १९८५-८६ च्या हंगामात, तेही पंचेचाळीस सेकंदांचे, आणि ते तिसावर यायला २०१५ साल उजाडावे लागले. महिलांच्या खेळाचे नियम म्हणजे पुरुषांच्या नियमांची सौम्य केलेली आवृत्ती, असा जो समज आपल्या मनात नकळत रुजलेला असतो, त्याला हे दोन दाखले पुरेसे छेद देतात. (क्रिकेटमध्येही पहिला विश्वचषक १९७३ साली महिलांनी खेळला आणि पुरुषांचा १९७५ मध्ये झाला, ही गोष्ट क्रिकेटवेड्या घरांतूनही कितीजणांना ठाऊक असते?)

परंतु हा समज निराधार होता असेही नाही. त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे, आणि तो इतिहास मोठा उद्बोधक आहे. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, पीच फळांच्या दोन टोपल्या आणि तेरा नियम एवढ्या भांडवलावर हा खेळ उभा केला. पुढच्याच वर्षी जवळच्या नॉर्थॅम्प्टन गावी, स्मिथ कॉलेज या मुलींच्या विद्यालयात, सेंडा बेरेन्सन या लिथुआनियात जन्मलेल्या, लहानपणी प्रकृतीने नाजूक असलेल्या आणि व्यायामामुळेच सावरलेल्या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. १८९३ च्या मार्चमध्ये तेथे दोन वर्गांत जो सामना झाला, त्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. बेरेन्सनबाईंनी मैदानाचे आडवे तीन भाग पाडले आणि खेळाडूने आपला भाग ओलांडू नये, दुसरीच्या हातून चेंडू हिसकावू नये, तीन सेकंदांहून अधिक वेळ तो धरून ठेवू नये, असे निर्बंध घातले. त्यांना आज दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. स्त्रियांनी धावणे हेच ज्या काळी असभ्यपणाचे आणि प्रकृतीस घातक मानले जाई, त्या काळी कॉलेजचे चालक, पालक आणि डॉक्टर अशा तिघांची समजूत घालून मुलींना मैदानावर उतरवायचे, तर काहीतरी देऊन काहीतरी घ्यावे लागणारच. बाईंनी मैदानाचा दोन तृतीयांश भाग देऊन उरलेला पदरात पाडून घेतला.

अडचण पुढे झाली, ती अशी, की तडजोड करावयास भाग पाडणारी परिस्थिती निघून गेली तरी तडजोड मात्र नियम म्हणून जारी राहिली. तिनाचे दोन भाग झाले, पाचाऐवजी सहा-सहा खेळाडूंचा संघ रूढ झाला, त्यांतल्या तिघींनी अर्ध्या मैदानात फक्त चढाई करायची आणि उरलेल्या तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बचाव, चेंडू दोनदाच टप्पा देऊन पुढे न्यायचा, अशी एक स्वतंत्र परंपराच तयार झाली. महाविद्यालयांतून १९७१ मध्ये हा प्रकार हटला, तरी आयोवा राज्याच्या माध्यमिक शाळांत तो १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत टिकला. आयोवातील खेड्यापाड्यांत या सामन्यांना अलोट गर्दी लोटे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; लोकप्रियता आणि न्याय या दोन गोष्टी नेहमीच एका पंक्तीला बसतात असे नाही. टेनेसी राज्यातील बचावाच्या फळीत खेळणाऱ्या एका शाळकरी मुलीने १९७६ साली न्यायालयात जी कैफियत मांडली, तिच्यात या पद्धतीचे मर्म उघडे पडले होते: नियमच मला बास्केटकडे चेंडू मारू देत नाहीत, मग मला महाविद्यालयाची क्रीडा-शिष्यवृत्ती कोण देणार? खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरविला. पण काही वर्षांतच राज्याच्या संघटनेने आपण होऊन तो नियम गुंडाळला. आणि ज्या आयोवात मुलीने मध्यरेषा ओलांडू नये असा दंडक १९९३ पर्यंत होता, त्याच आयोवात २००२ साली जन्मलेली केटलिन क्लार्क मध्यरेषेच्या आसपासहून तीन गुणांची फेक साधू लागली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिच्या विद्यापीठाचा साउथ कॅरोलायनाशी झालेला महिलांचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा अंतिम सामना १ कोटी ४८ लाखांनी.

नियमबदलाचा एक प्रस्ताव मात्र मला आजही विचार करायला लावतो, कारण तो वरील सर्व इतिहासाच्या उलट दिशेने येऊन त्याच जागी पोहोचल्यासारखा दिसतो. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाचे विख्यात प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी २०१२ साली असे सुचविले, की महिलांसाठी बास्केटची रिंग सुमारे सात इंचांनी खाली आणावी. रिंगची उंची जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, ती नेस्मिथच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या होत्या तेव्हापासून तशीच आहे, आणि स्त्री-पुरुषांना एकच आहे. ऑरिएमा यांचा युक्तिवाद असा होता, की व्हॉलीबॉलची जाळी महिलांसाठी २.२४ मीटरवर आणि पुरुषांसाठी २.४३ मीटरवर बांधतात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग बास्केटबॉलनेच हट्ट का धरावा? प्रस्तावावर बरीच चर्चा झाली, विरोध झाला, आणि तो मागे पडला. विरोध करणाऱ्यांत अनेक महिला खेळाडूही होत्या, ज्यांना आपला खेळ सोपा करून दिला जात आहे असे वाटले.

मला या वादात ऑरिएमांची बाजू सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी टापूतल्या गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली; प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. ही शर्यत पुरुषांसाठी आणि महिलांसाठी एकाच अंतराची आहे, तीन हजार मीटर. पाण्याचा खड्डा तोच, अडथळ्यांची संख्या तीच. फक्त अडथळ्याची उंची पुरुषांना ९१.४ सेंटिमीटर आणि महिलांना ७६.२ सेंटिमीटर. शरीराच्या सरासरी उंचीतील फरकाची दखल घेणारी ही तरतूद आहे, आणि तिने ललिताच्या धावण्यातून काहीही वजा केले नाही. वजाबाकी झाली होती ती निराळ्या ठिकाणी: महिलांची ही शर्यतच ऑलिंपिकमध्ये नव्हती, ती २००८ साली बीजिंगमध्ये प्रथम आली, पुरुषांच्या स्टीपलचेसला तोवर शंभरावर वर्षे होऊन गेली होती. त्याआधी १९२८ साली ॲमस्टरडॅममध्ये महिला आठशे मीटर धावल्या, तर शर्यतीच्या अखेरीस त्या कशा कोसळल्या याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून हद्दपार झाली. आठशे मीटर धावून दमलेला पुरुष जमिनीवर आडवा पडला, तर तो पराक्रम. स्त्री पडली, तर ती प्रकृतीविरुद्धची चूक.

सांगलीची स्मृती मानधना ज्या चेंडूने खेळते, तो पुरुषांच्या चेंडूहून हलका असतो, १४० ते १५१ ग्रॅम, तर पुरुषांचा १५६ ते १६३ च्या दरम्यान. सीमारेषाही महिलांना थोडी जवळ असते. खेळपट्टी मात्र बावीस यार्डांचीच, आणि एकदिवसीय सामन्याची पन्नास षटके तीच. २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा चेंडू हलका होता म्हणून विजय हलका झाला, असे म्हणण्याचे धाडस कोणीही केले नाही. पण त्याच क्रिकेटमध्ये महिलांचा कसोटी सामना, एखाददुसरा अपवाद वगळता, पाच दिवसांऐवजी चार दिवसांचा ठेवण्यात येतो. पावसाने एक दिवस खाल्ला, की निकालाची आशाच संपते. हलका चेंडू आणि चौथ्या दिवशी संपणारी कसोटी या दोन्हींना आपण ‘महिलांसाठीचे नियम’ या एकाच सदरात टाकतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तेथेच होतो.

साधनात केलेला बदल खेळाडूच्या देहाशी जुळणारे हत्यार तिच्या हाती देतो. मुदतीत, मैदानात किंवा संचारात केलेली कपात मात्र तिला खेळायलाच कमी देते. आणि जो कमी खेळतो त्याला पुढे कमी येते, हे कोणत्याही तालमीतला वस्ताद सांगेल. बास्केटबॉलमध्येच पाहा: महिलांचा चेंडू, ज्याला मैदानावर सगळे ‘सहा नंबर’ म्हणतात, तो पुरुषांच्या सात नंबरहून परिघाने सुमारे एक इंच लहान आणि वजनाने हलका असतो. अमेरिकेतील महाविद्यालयांनी तो १९८४-८५ मध्ये आणला, तेव्हाही नाके मुरडली गेली होती; पण लहान हातात नीट बसणाऱ्या चेंडूने ड्रिबल पक्का झाला, लांबचा पास अचूक झाला, आणि आज तो नियम मागे घ्या असे कोणी म्हणत नाही. शिवाय २०२१-२२ पासून तीन गुणांची रेषाही तेथील महिलांनी पुरुषांइतकी, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे ६.७५ मीटरवर, नेली. चेंडू लहान, रेषा मात्र दूर: हा खेळ आपला तोल किती शहाणपणाने साधत आला आहे! ऑरिएमांची रिंग या पहिल्या वर्गात बसते. ती खाली आणावी की नाही हे खेळणाऱ्यांनी ठरवावे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर त्यांचे म्हणणे मान्य व्हावे, एवढेच.

आता आपल्या अंगणात यावे. कबड्डी हा आपला खेळ, महाराष्ट्राने त्याचे नियम लिहिले, त्याला राष्ट्रीय आणि पुढे आशियाई व्यासपीठ मिळवून देण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले. त्याच कबड्डीच्या, वर्षानुवर्षे शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतून छापल्या गेलेल्या नियमांत पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद आहे, महिलांचे बारा लांब व आठ रुंद. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, महिलांचा पंधरा-पंधरा मिनिटांच्या. गुणाकार करून पाहिला, तर एकशे तीस चौरस मीटरच्या ठिकाणी शहाण्णव, आणि चाळीस मिनिटांच्या ठिकाणी तीस. म्हणजे पाऊण मैदान आणि पाऊण वेळ. खेळाडू मात्र दोन्हीकडे सातच. लहान मैदानात सात जणींची साखळी अधिक दाट होते आणि चढाई करणारीला वळायला, हुलकावणी द्यायला जागा उरत नाही. म्हणजे जी सवलत म्हणून दिली, ती निम्म्या खेळाला अडचण होऊन बसते. मैदानाच्या मापाचे समर्थन हाताच्या आवाक्यावरून करता येईल, आणि ते मी ऐकून घेईन. वेळेच्या कपातीचे समर्थन मला आजवर कोणी पटेल असे ऐकविलेले नाही. दहा मिनिटे अधिक दम धरता येत नाही असे ज्यांच्याविषयी गृहीत धरले, त्या आमच्या मुली २०१० पासूनच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तीन वेळा सुवर्णपदक घेऊन आल्या, आणि २०१८ साली इराणकडून तीन गुणांनी हरल्या.

खो-खोने हा भेद कधी फारसा केलाच नाही. खुल्या गटात मैदानाचे माप आणि डावाची नऊ मिनिटे पुरुषांना आणि महिलांना सारखीच चालत आली. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा सात खेळाडूंचा संघ आणि सात मिनिटांच्या चार पाळ्या असा जो जलद प्रकार खेळविला गेला, तोही दोघांना एकाच मापाने लागू झाला. प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरविले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास ज्या खेळाला नियमांची चौकट दिली, त्या खेळाने शतकानंतर इतका मोठा फेरफार पचविला, आणि तो पचविताना कोणत्याही कलमात ‘महिलांसाठी’ असे वेगळे शेपूट लावण्याची त्याला गरज भासली नाही.

येथे एक हरकत घेतली जाते आणि ती वजनदार आहे. उडी घेऊन उतरताना किंवा वेगात असताना अचानक दिशा बदलताना गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याची दुखापत बास्केटबॉलसारख्या खेळांत स्त्रियांना पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते. हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे आणि त्याची कारणे कटिबंधाच्या ठेवणीपासून स्नायूंच्या सवयीपर्यंत सांगितली जातात. मग खेळ थोडा आखूड ठेवणे हाच दयाळूपणा नव्हे काय? नव्हे, कारण याच अभ्यासांनी हेही दाखविले आहे, की उतरण्याची, थांबण्याची आणि तोल सावरण्याची पद्धतशीर तयारी आठवड्यातून दोन-तीनदा करून घेतली, तर ही दुखापत लक्षणीय प्रमाणात टळते. दोष तयारीच्या अभावात आहे, आणि तयारीसाठी प्रशिक्षक लागतो, वेळ लागतो, धड पृष्ठभागाचे मैदान लागते. ते देण्यापेक्षा सामना पाच मिनिटांनी लवकर संपविणे स्वस्त पडते, ही गोष्ट निराळी.

आणि आता उंब्रज. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, मसूर, शहापूर येथील मारुती हाकेच्या नाही तरी सायकलच्या अंतरावर आहेत. बलोपासनेचा एवढा घन संस्कार महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कोणत्या टापूला लाभला असेल. येथून कराड ओलांडून गेले की गोळेश्वर लागते, जेथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण बलोपासनेच्या या परंपरेने आपल्या लेकींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, आणि ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा १९६१ पासून पुरुष उचलत असताना, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरायला २०२३ चा मार्च यावा लागला. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. बासष्ट वर्षांचे अंतर कोणत्या कलमाने घातले होते? कोठेही लिहिलेले नव्हते; न लिहिलेला नियम दुरुस्त करणे अधिक कठीण असते, कारण त्याच्या दुरुस्तीसाठी कोणती समिती बोलवावी हेच कळत नाही.

या भागातील महाविद्यालयीन मुलींच्या खेळाला आज जखडून ठेवणारे नियम बहुधा याच जातीचे आहेत. फिबाच्या पुस्तकात त्यांना चाळीस मिनिटे आहेत, अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद मैदान आहे, रिंग पुरुषांइतकीच उंच आहे. पुस्तकाने त्यांच्यावर अविश्वास दाखविलेला नाही. पण सरावाचे मैदान दुपारी चारनंतर मुलांच्या ताब्यात असते, दिवे नसतात किंवा असले तर लावले जात नाहीत, भांडारात सात नंबरचेच चेंडू असतात, म्हणून मुलगी वर्षभर मोठ्या चेंडूने सराव करते आणि सामन्याच्या दिवशी सहा नंबर तिच्या हाताला परका लागतो. आसपासच्या वाडीतून येणाऱ्या मुलीला अंधार पडण्यापूर्वीची एस.टी. गाठावी लागते, २०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले हा दिलासा मोठा खरा, पण सरावाच्या वेळेशी गाडीच्या वेळेची गाठ घालणे हे काम अद्याप कोणी अंगावर घेतलेले नाही. आणि स्पर्धेच्या दिवशी, उद्घाटनाची भाषणे लांबली, दुपारची जेवणे रेंगाळली, सूर्य कलू लागला, की संयोजक एकमेकांकडे पाहतात आणि मुलींचे क्वार्टर आठ मिनिटांवर येतात, कधी घड्याळ न थांबवता चालविले जातात. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. मुलांचा सामना कापला गेल्याचे मात्र पाहण्यात नाही. कापणाऱ्यांच्या मनात द्वेष नसतो, बहुतेक वेळा काळजीच असते: मुलींना घरी वेळेवर पोहोचवायचे आहे. बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन तुकडे केले, तेव्हा त्यांच्या मनातही काळजीच होती.

नियम कोणी लिहावेत, हा प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रीतीने चिघळला. तेथे महिलांच्या महाविद्यालयीन खेळाचा कारभार १९७१ पासून महिलांच्याच स्वतंत्र संघटनेकडे होता. १९८२ च्या सुमारास तो एनसीएएने आपल्याकडे घेतला, पैसा आणि प्रसिद्धी वाढली, आणि प्रशिक्षकाची जागा स्त्रीकडून पुरुषाकडे सरकत गेली. महिला संघांच्या प्रशिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण १९७२ साली नव्वद टक्क्यांहून अधिक होते, ते २०१४ पर्यंत त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास उतरले. तरीही कर्तबगार प्रशिक्षिकांची एक सबंध पिढी तेथे तयार झाली आणि २०१५ चे क्वार्टर तिच्या संमतीने आले. आपल्याकडे बास्केटबॉलच्या मैदानावर पुण्याची शिरीन लिमये हिच्यासारखी भारताचे नेतृत्व केलेली खेळाडू घडते, पण तिच्या पिढीतल्या किती जणी पुढे पंच, प्रशिक्षक किंवा नियमसमितीच्या सदस्य म्हणून दिसतात? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद केली आहे, त्या मंडळापुढे स्पर्धेचा कार्यक्रम आणि नियमांची अंमलबजावणी येते तेव्हा, गेल्या दोन-चार वर्षांत विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलींपैकी निदान दोघींना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, यासाठी कायद्यात कोणतीही दुरुस्ती लागत नाही, इच्छा लागते.

त्या दोघींनी काय मागावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. कदाचित त्या रिंग खाली आणा म्हणतील आणि माझ्यासारख्या काठावरून पाहणाऱ्याला चकित करतील. कदाचित कबड्डीचे मैदान लहानच ठेवा, पण वेळ चाळीस मिनिटे करा म्हणतील. मी माझ्यापुरते एवढेच सुचवीन, की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे पुढचे परिपत्रक निघण्यापूर्वी त्यात एक ओळ घालावी: वेळ अपुरा पडल्यास मुलांचे आणि मुलींचे सामने सारख्याच मिनिटांनी कमी करण्यात यावेत, आणि तसे केल्याची नोंद पंचांनी गुणपत्रकावर कारणासह करावी. एकदा मुलांचा सामनाही आठ मिनिटांच्या क्वार्टरवर येणार असे दिसले, की उद्घाटनाची भाषणे आपोआप आटोपशीर होतील, असा माझा अंदाज आहे.